कोनाची भाषा : संगणकावरून सर्वो मोटर हलवण्याचा एक मराठी पाठ

कृती सांगणारे गद्य मराठीला नवे नाही. कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली आलेल्या ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा ही मापे धरून कित्येक घरांना स्वयंपाक शिकवला. शिवणकाम, शेती, आयुर्वेदातले काढे, मूर्ती घडवणे, गलबत बांधणे यांविषयी बोलताना आपली भाषा अडखळत नाही. मात्र तारा, मोटर आणि संगणक समोर आले की तीच भाषा एकदम सरकारी परिपत्रकासारखी होते. ‘सदर उपकरणास विद्युत पुरवठा करण्यात यावा’ असे वाक्य वाचून कोणत्या मुलाचा हात तारेकडे जाईल? किंवा मग प्रत्येक नाम आणि प्रत्येक क्रियापद इंग्रजी, मराठी फक्त ‘करायचं’ आणि ‘झालं’ एवढ्यापुरती, असे दुसरे टोक गाठले जाते.

गोव्यात हा प्रश्न केवळ शैलीचा नाही. आपल्याकडची पुष्कळ मुले चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीला इंग्रजी माध्यमात जातात. विज्ञान खऱ्या अर्थाने सुरू होते तेच मुळी या वळणानंतर. सहावी ते आठवीच्या वर्गांत आता कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवण्याची शासकीय योजना आहे, शाळांतून छोट्या मोटरी आणि पाट्या पोहोचल्या आहेत. त्या हाताळणाऱ्या मुलाला घरी आजोबांनी विचारले, ‘हे काय हलवतोस रे?’ तर त्याला मराठीत उत्तर देता आले पाहिजे, एवढीच माझी अपेक्षा आहे. मी साहित्याचा अध्यापक. पण मराठीच्या पदवी वर्गात उपयोजित लेखन शिकवताना गेली काही वर्षे मी ‘एका यंत्राची कृती लिहा’ हा स्वाध्याय देतो. त्यासाठी निवडलेले यंत्र म्हणजे सर्वो मोटर. पुढील पाठ त्या वर्गातून तयार झाला आहे. शिक्षकांनी तो आपल्या वर्गात जसाच्या तसा वापरावा, बदलावा, तपासावा.

एक अट प्रारंभीच सांगतो. प्रत्यक्ष आज्ञावली टंकताना तिच्यातले शब्द रोमन लिपीतच लिहावे लागतात. येथे मी त्या आज्ञा मराठी वाक्यांत सांगितल्या आहेत. विद्यार्थ्याने आधी वाक्य समजून घ्यावे आणि मग ते यंत्राच्या भाषेत उतरवावे. हा क्रम उलटा केला की मूल नक्कल करते, आणि मोटर हललीच नाही तर कुठे बघायचे हे त्याला कळत नाही.

साधी मोटर आणि सर्वो यांतला फरक समजायला शिगम्याचा चित्ररथ पुरेसा आहे. रथावरच्या राक्षसाचा हात वरखाली होतो तेव्हा आत बहुधा गाडीच्या वायपरची मोटर असते. ती नुसती फिरत राहते. तिच्या चाकाला बाजूला जोडलेली दांडी त्या फिरण्याचे पुढे-मागे होण्यात रूपांतर करते. वीज दिली की हात हलू लागतो, वीज काढली की जिथे असेल तिथे थांबतो. ‘हात खांद्याच्या रेषेत आण आणि तिथेच धर’ असे त्या मोटरीला सांगता येत नाही, कारण आपण कुठे आहोत हे तिला ठाऊकच नसते. सर्वोला ते ठाऊक असते.

‘सर्वो’ हा शब्द लॅटिनमधल्या दास या अर्थाच्या शब्दावरून आला. जोझेफ फार्को या फ्रेंच अभियंत्याने १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या नावातच ‘सर्वो-मोटर’ आहे. जहाजाचे अवजड सुकाणू वाफेच्या बळावर, पण माणसाच्या हाताच्या इशाऱ्याबरहुकूम वळवणे हा त्याचा विषय होता. आपल्या ‘सेवा’, ‘सेवक’ या शब्दांशी ध्वनी जुळतो म्हणून नाते जोडण्याचा मोह होईल, तो आवरावा. ध्वनिसाम्य हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे, हे मराठीच्या शिक्षकाला सांगायला नको. मात्र मुलांना अर्थ लक्षात ठेवायला ‘सांगितल्या कोनात उभा राहणारा सेवक’ ही ओळ उपयोगी पडते.

हातात घ्यायची मोटर अगदी लहान असते. बाजारात ‘एसजी ९०’ या नावाने मिळणारा निळा सर्वो साधारण ९ ग्रॅम वजनाचा, काडेपेटीहून लहान. त्याची खोली उघडून पाहिली तर चार गोष्टी दिसतात. एक छोटी साधी मोटर. तिचा वेग कमी करून बळ वाढवणारी दातेरी चाकांची रांग. शेवटच्या चाकाच्या आसाला जोडलेला एक फिरता रोध, म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असायचा तसाच. आणि एक चिमुकली पाटी. आस फिरला की रोधाचे मूल्य बदलते, त्यावरून पाटीला आस कोणत्या कोनात आहे हे कळते. बाहेरून आलेला हुकूम सांगतो की कोणत्या कोनात असायला हवे. दोहोंत अंतर असेल तर पाटी मोटरीला त्या दिशेने फिरवते, अंतर मिटले की थांबवते. बोटाने ढकलून कोन बिघडवला तर ती पुन्हा जागेवर येण्यासाठी झगडते. हे झगडणे मुलांना बोटाने अनुभवू द्यावे. ‘फीडबॅक’ या शब्दाला प्रतिशब्द शोधण्यापेक्षा त्या एका मिनिटात अधिक समजते.

आता हुकूम कसा द्यायचा? सर्वोला तीन तारा असतात. तपकिरी किंवा काळी तार ग्राउंडची, लाल तार विजेची आणि नारिंगी, पिवळी किंवा पांढरी तार हुकमाची. हुकमाच्या तारेवर वीज कमी-जास्त करून कोन सांगायचा नसतो. वीज तेवढीच, पाच व्होल्टची. ती किती वेळ चालू ठेवली यात अर्थ असतो. दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद पाठवायचा, म्हणजे सेकंदाला ५० स्पंद. स्पंदाची लांबी एक मिलिसेकंद असेल तर भुजा एका टोकाकडे, दोन मिलिसेकंद असेल तर दुसऱ्या टोकाकडे, दीड असेल तर मध्यावर.

येथे मराठीच्या विद्यार्थ्याला फारसे समजावावे लागत नाही. कालावधीत अर्थ असतो, ही गोष्ट त्याला वृत्तांनी शिकवलेली आहे. लघू अक्षराची एक मात्रा, गुरू अक्षराच्या दोन. सर्वोच्या दोन टोकांचे प्रमाणही नेमके तेच, एकास दोन. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत आवाज मोठा केल्याने फरक पडत नाही, स्वर लांबवल्याने पडतो. सर्वोही तेवढेच ऐकतो. हे साम्य मात्र येथवरच ताणावे. छंदात दीड मात्रेचे अक्षर धरत नाहीत, सर्वोला दीड, सव्वा, एक पूर्णांक सदतीस शतांश असे मधले प्रत्येक मूल्य चालते. किंबहुना त्याचे सारे कौशल्य त्या मधल्या जागेतच आहे.

पुस्तकातले हे एक-ते-दोन मिलिसेकंदांचे गणित प्रत्यक्षात तंतोतंत उतरत नाही, हे वर्गात पहिल्याच दिवशी सांगून टाकावे. लहान सर्वो एवढ्या फरकात अनेकदा जेमतेम काटकोनभर फिरतात. पूर्ण १८० अंशांसाठी स्पंद अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास खाली आणि अडीचच्या जवळपास वर न्यावा लागतो. आर्डुइनो या पाटीसोबत मिळणारा सर्वोसाठीचा तयार आज्ञासंच शून्य अंशाला ५४४ मायक्रोसेकंद आणि १८० अंशांना २४०० मायक्रोसेकंद धरतो. म्हणजे एका अंशाला साधारण १०.३ मायक्रोसेकंद, आणि ‘९०’ म्हटले की पाठवला जाणारा स्पंद १४७२ मायक्रोसेकंदांचा, १५०० चा नव्हे. मोटरीगणिक थोडा फरक असतोच. म्हणून कंपासपेटीतला कोनमापक भुजेखाली चिकटवावा, शून्य, नव्वद आणि एकशेऐंशी सांगून प्रत्यक्ष कोन वहीत नोंदवावा. टोकाशी नेल्यावर सर्वो घरघर करत राहिला तर तो आतल्या अडणीवर आपटून जोर लावत आहे असे समजावे आणि मर्यादा आत घ्यावी. तसाच ठेवला तर तापतो, आणि प्लॅस्टिकची दाते झिजतात.

संगणकालाच हा स्पंद का पाठवू देऊ नये, असा प्रश्न चांगले विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तर संगणकाच्या स्वभावात आहे. तो एकाच वेळी पडदा रंगवतो, कळफलक ऐकतो, जाळ्यावरून काही उतरवून घेतो, आणि या कामांत स्वतःच्या सोयीने फेऱ्या मारतो. दहा मायक्रोसेकंदांची चूक म्हणजे एका अंशाची थरथर. एवढी शिस्त तो पाळू शकत नाही. मायक्रोकंट्रोलर नेमके तेच पाळतो. आर्डुइनो युनो या पाटीवर एटमेगा ३२८ पी नावाची चिप असते. तिचे घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देते. आज्ञावली साठवायला ३२ किलोबाइट जागा आणि चालू कामासाठी अवघी २ किलोबाइट. आजच्या फोनपुढे हे काहीच नाही. पण तिला दुसरे काम नसते. मैफलीत गाणारा हवे तिथे रेंगाळतो, तबलजी ठेका सोडत नाही. संगणकाने ‘किती अंश’ एवढे सांगावे, ठेका पाटीने धरावा.

नावाची गंमत सांगायला हरकत नाही. २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावच्या एका आरेखन संस्थेत ही पाटी जन्मली आणि गावातल्या एका पेयगृहाचे नाव तिला मिळाले. त्या पेयगृहाला नाव होते आर्दुइनो राजाचे. ‘युनो’ म्हणजे इटालियनमध्ये एक. एका गावाच्या स्थानिक इतिहासातले नाव जगभरच्या शाळांत पोहोचले, कारण ते वापरणाऱ्यांनी भाषांतर केले नाही, पाटी वापरली. परिभाषेच्या बाबतीत माझेही मत असेच आहे. ‘सर्वो’, ‘आर्डुइनो’, ‘यूएसबी’ हे शब्द राहू द्यावेत. ‘कोन’, ‘आस’, ‘भुजा’, ‘स्पंद’, ‘दातेरी चाक’, ‘टोक’ हे आपल्याकडे आहेत, तिथे उगीच इंग्रजी आणू नये. कपॅसिटरला ‘धारित्र’ म्हणावे की नाही यावर वाद घालण्यापेक्षा पंखा दुरुस्त करणारा त्याला ‘कंडेन्सर’ म्हणतो हे मुलांना सांगावे. तो शब्द गावात चालतो.

जोडणीतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य विजेविषयी आहे. हुकमाची तार पाटीच्या ९ क्रमांकाच्या टोकाला जोडावी, पण मोटरीची वीज पाटीतून घेऊ नये. संगणकाचे साधे यूएसबी छिद्र ५०० मिलिअँपियरपर्यंत देते. छोटा सर्वोही अडकला, म्हणजे भुजा धरून ठेवली, की अर्ध्या अँपियरच्या पुढे जाऊ शकतो. मग पाटीचा व्होल्टेज पडतो, ती स्वतःला पुन्हा सुरू करते, मोटर झटका देते, पुन्हा व्होल्टेज पडतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते आज्ञावलीत दोष आहे. मुले तासन्‌तास आज्ञावली तपासत बसतात आणि दोष विजेत असतो. यासाठी मोटरीला स्वतंत्र सेल द्यावेत. पुन्हा भरता येणारे १.२ व्होल्टचे चार सेल एकापुढे एक जोडले की ४.८ व्होल्ट होतात, तेवढे पुरतात. सेलच्या दोन टोकांवर ४७० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला तर अचानक ओढली जाणारी वीज तो सांभाळतो. त्याची उणे बाजू खुणेने दाखवलेली असते, ती उलटी लावू नये. आणि सेलचे उणे टोक पाटीच्या ग्राउंडला जोडायचेच. हे राहिले तर हुकमाची तार लावूनही सर्वोला काही कळत नाही. पाच व्होल्ट म्हणजे कशाच्या तुलनेत पाच? दोघांची जमीन एक असल्याशिवाय उंची मोजता येत नाही.

आता संगणक आणि पाटी यांच्यातला संवाद. यूएसबीच्या तारेतून एकेक अक्षर जाते. दोघांनी वेग आधी ठरवलेला असावा लागतो. ९६०० हा जुना, सोयीचा वेग. एका अक्षराला मागचा-पुढचा बिंदू धरून दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे, एका अक्षराला साधारण एक मिलिसेकंद. माणसाला हे क्षणार्धाहून कमी, पण पाटीला प्रदीर्घ. त्यामुळे ‘९०’ पाठवले तर पाटीला आधी नऊ दिसतो, आणि शून्य येण्याआधी तिने घाई केली तर ती नऊ अंशांवर धाव घेते. म्हणून प्रत्येक हुकमाला पूर्णविराम हवा. येथे तो ‘एंटर’ दाबल्यावर जाणाऱ्या नव्या ओळीच्या खुणेचा, जिचा क्रमांक १० आहे. पाटीवरच्या आज्ञावलीची वाक्ये अशी होतात :

‘सुरुवातीला ९६०० वेगाने ऐकायला लाग. नऊ क्रमांकाच्या टोकाला सर्वो आहे असे समज. साठवण शून्य कर. यानंतर कायम असे कर : अक्षर आले आहे का ते पाहा. ते अंक असेल तर साठवणीला दहाने गुणून त्यात हा अंक मिळव. ते नव्या ओळीची खूण असेल तर साठवणीतली संख्या १८० पेक्षा मोठी आहे का पाहा. असेल तर सोडून दे, नसेल तर तेवढ्या कोनात सर्वो ने. साठवण पुन्हा शून्य कर.’

हे वाक्यबंध विद्यार्थ्यांकडून तोंडी म्हणवून घ्यावेत. एकाने संगणक व्हावे, एकाने पाटी, एकाने हात पसरून सर्वो. ‘साठवण पुन्हा शून्य कर’ हे शेवटचे वाक्य गाळले की दुसऱ्या हुकमाला काय होते, हे मुलांनाच शोधू द्यावे.

या पाठातला सर्वांत बोलका प्रसंग अंकांचा आहे, आणि साहित्य अकादमीच्या वार्षिकात हा पाठ यावा असे मला वाटले ते त्याच्यामुळे. माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीच्या संगणकावर मराठी कळफलक चालू होता. तिने तयार आज्ञासंचातली संख्या वाचणारी आज्ञा वापरली होती आणि देवनागरीत ‘९०’ लिहून पाठवले. सेकंदभर काही झाले नाही. मग सर्वो एका टोकाला जाऊन उभा राहिला. तिने ‘४५’ पाठवले, ‘१२०’ पाठवले, सर्वो तिथेच. चुकीचा संदेश आला असता तरी बरे झाले असते. यंत्राने मराठी आकडा नाकारला नव्हता, त्याने तो शून्य मानला होता.

कारण असे. रोमन अंकांना जुन्या, सर्वमान्य तक्त्यात एकेक क्रमांक आहे : शून्याला ४८, नऊला ५७. हे एका बाइटात मावतात. देवनागरी अंक १९९१ च्या पहिल्या युनिकोडपासून जागतिक तक्त्यात आहेत, पण त्यांचे घर बरेच पुढे आहे आणि संगणकातून बाहेर पडताना प्रत्येक अंकाचे तीन बाइट होतात. ‘०’ म्हणजे २२४, १६५, १६६. ‘९’ म्हणजे २२४, १६५, १७५. पाटीवरची ती तयार आज्ञा ४८ ते ५७ मधले काही दिसते का पाहते, न दिसणारे सोडून देते, एक सेकंद वाट पाहते आणि काहीच हाती लागले नाही म्हणून शून्य परत देते. त्या शून्याचा अर्थ ‘मला कळले नाही’ असा होता, सर्वोने तो ‘शून्य अंश’ असा घेतला.

यावर दोन उपाय आहेत. पहिला संगणकाच्या बाजूने. पायथन या भाषेत अक्षरांपासून पूर्णांक करणारी जी आज्ञा आहे ती देवनागरी अंक जाणते. तिला ‘९०’ द्या, ती नव्वदच समजते. वेगळे काही शिकवावे लागत नाही. जावास्क्रिप्टची तशीच आज्ञा हे जाणत नाही, ‘ही संख्या नव्हे’ असे उत्तर देते. तेव्हा संगणकावर पायथनची छोटी आज्ञावली ठेवावी : ‘पाटीकडे जाणारी वाट उघड. दोन सेकंद थांब. वापरणाऱ्याला कोन विचार. त्याने लिहिलेल्याचा पूर्णांक कर. तो शून्य ते १८० मध्ये असेल तर रोमन अंकांत लिहून, शेवटी नव्या ओळीची खूण लावून पाठव. नसेल तर पुन्हा विचार.’ दोन सेकंद थांबायचे ते यासाठी की वाट उघडताच युनो स्वतःला नव्याने सुरू करते आणि तेवढ्यात पाठवलेले शब्द वाऱ्यावर जातात. विचारण्याचे वाक्य अर्थातच मराठीत लिहावे. ‘मान किती अंश वळवू?’ असे पडद्यावर आले की पाहुणी आजीसुद्धा कळफलकाशी बसते.

दुसरा उपाय पाटीच्या बाजूने, आणि तो विद्यार्थ्यांना अधिक आवडतो. वरच्या वाक्यबंधात एक भर घालायची. ‘आलेला बाइट २२४ असेल तर पुढचे दोन येईपर्यंत थांब. दुसरा १६५ असेल आणि तिसरा १६६ ते १७५ मध्ये असेल तर त्यातून १६६ वजा कर, तो अंक.’ रोमन अंकातून ४८ वजा करायचे वाक्य तसेच राहू द्यावे. मग दोन्ही लिप्या चालतात. सुमारे दहा ओळींत एवढे होते, आणि ३२ किलोबाइटच्या चिपमध्ये त्यासाठी भरपूर जागा आहे. देवनागरी ‘९०’ला पूर्णविरामासह सात बाइट म्हणजे सात मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो, रोमनला तीन. सर्वोचा स्पंदच मुळी २० मिलिसेकंदांनी येत असल्याने हा उशीर कुणाच्या लक्षातही येत नाही. मराठी जड पडते असे म्हणणाऱ्यांना द्यायला हा एक छोटा हिशेब.

कोन पोहोचू लागला की हालचालीच्या गुणाकडे वळावे. सर्वोला शून्यावरून नव्वद सांगितले तर तो झटक्यात जातो. ‘एसजी ९०’ भार नसताना ६० अंश सेकंदाच्या दहाव्या भागात पार करतो. बाहुलीची मान अशी वळली तर ती दचकल्यासारखी दिसते. आमच्या शेजारी, सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्यांचा खेळ चालत आला आहे. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तो खेळ ज्यांनी पाहिला असेल त्यांना दोरीवरच्या बाहुलीची मान कशी वळते ते आठवेल. सुरुवात हळू, मध्ये वेग, शेवट पुन्हा हळू. सूत्रधाराच्या बोटांत जे वजनाने येते ते आपल्याला वाक्यांनी सांगावे लागते : ‘एकदम साठ अंश नको. एकेक अंश पुढे जा. पहिल्या दहा अंशांत प्रत्येक पावलाला ४० मिलिसेकंद थांब, मधल्या चाळिसांत १५, शेवटच्या दहांत पुन्हा ४०.’ हिशेब केला तर एकूण १४०० मिलिसेकंद होतात. मान सव्वा-दीड सेकंदात वळते आणि ती कुणाकडे तरी पाहते आहे असा भास होतो. हे आकडे बदलून पाहण्यात वर्गाचा एक तास आनंदाने जातो. राग, भीती, आळस, संकोच यांसाठी वेगवेगळे आकडे काढायला सांगितले तर अभिनयावरचा एक अभ्यास सहज होतो.

बाहुलीचे डोके जड असू नये. या सर्वोचे बळ आसापासून एक सेंटिमीटरवर साधारण १.८ किलो तोलण्याएवढे, म्हणजे दहा सेंटिमीटरवर १८० ग्रॅम. कागदाच्या लगद्याचे डोके बरे. त्याचा तोल आसाच्या बरोबर वर ठेवावा. वळवायला बळ लागते त्यापेक्षा कलते डोके धरून ठेवायला अधिक लागते.

आणखी एक गोष्ट मुलांच्या मनात नीट बसवली पाहिजे. सर्वोला आपला कोन कळतो, पण तो संगणकाला कळत नाही. हुकमाची तार एकाच दिशेने बोलते. पाटीने ‘९० मिळाले’ असे उलट लिहून पाठवले तरी त्याचा अर्थ हुकूम ऐकला इतकाच. भुजा पोहोचली की बाहुलीच्या पदरात अडकली, हे तिला माहीत नाही. पडद्यावर नव्वद आणि मान तिरपी, असे झाले तर विश्वास मानेवर ठेवावा.

शेवटी दोन मोटरींचा स्वाध्याय. मान आणि हात एकाच तारेवरून हलवायचे तर हुकमात कर्ताही हवा. ‘म ६०’ म्हणजे मान साठ अंशांवर, ‘ह १२०’ म्हणजे हात एकशेवीसवर. ‘म’चे तीन बाइट २२४, १६४, १७४ आणि ‘ह’चे २२४, १६४, १८५. दुसरा बाइट १६४ आला की ही अक्षरे, १६५ आला की पुढे अंक, एवढ्या एका आकड्यावरून पाटीला दोन्ही वेगळे ओळखता येतात. आधी आलेले अक्षर लक्षात ठेवायचे, नवी ओळ आली की त्या अक्षराच्या सर्वोला कोन द्यायचा. दुसऱ्या सर्वोची हुकमाची तार १० क्रमांकाच्या टोकाला, वीज त्याच सेलवरून, ग्राउंड सामाईक. हे जमले की विद्यार्थ्यांनी तिसरा सर्वो डोळ्यांसाठी जोडावा. ‘ड’चा तिसरा बाइट १६१. डोळ्यांना मात्र १८० अंश देऊ नयेत, मध्याच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस अंश पुष्कळ होतात, आणि ही मर्यादा हुकूम देणाऱ्यावर न सोपवता पाटीवरच्या वाक्यातच लिहावी.